शंभरातले सत्तर

घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात मे महिन्यात पाहावं तिकडे तापलेली काळी जमीन. नांगरट झालेली, ढेकळं उन्हात पडलेली, आणि पावसाचा पत्ता नाही. याच दिवसांत कृषी विभाग सोयाबीन पेरणाऱ्यांना एक साधं काम दरवर्षी आठवणीनं सांगतो. घरचं बी पेरण्याआधी तपासून पाहा. याला ना यंत्र लागतं ना खर्च, घरातलं कुणीही हे करू शकतं. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा. पोत्यातून १०० दाणे घ्यायचे. टपोरे तेवढे निवडायचे नाहीत, हाताला येतील तसे घ्यायचे. दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा घालायचा आणि हलक्या हातानं गुंडाळी करून सावलीत ठेवायची. गुंडाळी सुकू द्यायची नाही, अधूनमधून पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजायचे. सोयाबीनचं बी तसं फार नाजूक. त्याची साल पातळ असते. पोतं आपटलं, थप्पी उंच लागली किंवा मळणीयंत्र जोरात फिरलं, तरी आतला अंकुर दुखावतो. काढणीच्या तोंडावर शेंगा भिजल्या, तर उगवण आणखी घसरते. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. उभी पिकं पाण्यात बुडाली, काही ठिकाणी वरची मातीच खरडून गेली. अशा वर्षानंतर घरात पैसा कमी असतो, आणि पोत्यातलं बीही अशक्त असतं. नेमक्या अशाच वर्षी ही गुंडाळी उघडायला जिवावर येतं. आणि नेमक्या अशाच वर्षी ती उघडावी लागते.

या तपासणीत मला सगळ्यात आवडतो तो तिचा हिशेब. पास व्हायला १०० पैकी १०० लागत नाहीत, ७० पुरतात. सत्तर दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बी घेऊन निर्धास्त पेरावं. तीस दाणे उगवले नाहीत, हे सगळ्यांना दिसत असतं, पण त्यांच्यासाठी कुणी अख्खं पोतं उकिरड्यावर ओतत नाही. साठच उगवले, तर त्यालाही उत्तर आहे. बी थोडं वाढवायचं, ३० किलोच्या जागी ३५ किलो घ्यायचं. उगवण फारच कमी आली, तर ते बी पेरायचं नाही. भावकीत, शेजारी विचारायचं किंवा दुकानातून दुसरं आणायचं. कोंब कितीही येवोत, 'यंदा पेरूच नका' असं उत्तर या हिशेबात कुठेच नाही. आणखी एक गोष्ट. बी चांगलं निघालं म्हणून कुणी लगेच चाड्यावर मूठ धरत नाही. मृगाचं पहिलं आभाळ भरून आलं की हात शिवशिवतात खरे. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल उतरेपर्यंत थांबा, असा सल्ला असतो. घाईनं पेरलं आणि पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून शेतकरी आधी तपासतो, मग थांबतो आणि मग पेरतो. पेरताना तिफणीला हळदकुंकूही वाहतो. दाणे मोजले म्हणून त्याची श्रद्धा कमी होत नाही, आणि श्रद्धा आहे म्हणून मोजायचं तो सोडत नाही. घनसावंगी तालुक्यातल्याच जांब इथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनीही आयुष्यभर उपासनेच्या जोडीला प्रयत्न आणि सावधपणाच सांगितला.

आपल्या घरात अवघड दिवस येतात तेव्हा आपण बहुधा न मोजताच निकाल लावतो. नोकरी जाते, दुखणं लांबतं, मुलाचा निकाल मनासारखा लागत नाही, धंद्यात उधारी अडकते. मग मन एक तर म्हणतं, 'संपलं सगळं.' नाहीतर कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, 'होईल सगळं ठीक.' म्हणणारा मायेनं म्हणतो, पण रात्री झोप लागण्यासाठी तेवढं पुरत नाही. अशा वेळी शांतपणे बसून मोजायला हवं. आज आपल्याकडे उगवण्याजोगं काय काय आहे? हातातलं कौशल्य आहे. महिनाभराचा किराणा भरलेला आहे. हाक मारली तर येईल असा भाऊ आहे, किंवा समोरच्या घरातल्या काकू आहेत. औषध लागू पडतंय. पोरगं अभ्यासाला नाही म्हणत नाही. हे लिहून काढलं की कळतं, शंभर नाहीत, पण शून्यही नाही. मोजताना मात्र खोटेपणा नको. टपोरे दाणे निवडून घेतले, तर आकडा छान येतो आणि शेत फसतं. जे उगवणार नाही, ते उगवणार नाही, असं एकदा स्वतःशी म्हणावं. अडकलेली उधारी कदाचित येणार नाही. जुनी नोकरी परत मिळणार नाही. हे कबूल केलं की उरलेल्यावर नीट लक्ष देता येतं. आणि आकडा कमी आला, तर थोडं जास्त बी. एकट्यानं भागत नसेल तिथे दोघांना बोलवावं. एका फोननं काम झालं नाही, तर दुसरा करावा. रोज अर्धा तास पुरत नसेल, तर पाऊण तास द्यावा. आपण खचलेले असतो तेव्हा लोकांची मदत जास्त लागते, यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. अशक्त वर्षाला बी जास्त लागतंच.

हे घरापुरतंच खरं आहे असंही नाही. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यातल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून येतो. परदेशातून आलेला तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून हाताला आलेले फोड, हे सगळं त्यांना लख्ख आठवतं. त्या वर्षी पाऊस नव्हता, विहिरी आटल्या होत्या, कणगीत दाणा नव्हता. मग होतं काय? कामाला तयार असलेले लाखो हात होते. तेवढं मोजलं गेलं, आणि त्या हातांना काम दिलं गेलं. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे, ही ती कल्पना. १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशानंही रोजगार हमीचा कायदा केला. इतक्या मोठ्या कामाची सुरुवात, काय नाही याची यादी बाजूला ठेवून काय आहे ते पाहण्यात होती. दुष्काळात कामावर जाणाऱ्या बाईला रोज सकाळी उमेद वाटत असेलच असं नाही. ती उठायची, भाकरी बांधून घ्यायची, लेकराला कडेवर घ्यायची आणि निघायची. उमेद नसलेल्या दिवशीही तिचे पाय कामाकडे वळायचे, आणि त्यावरच ते वर्ष निभावलं. आशा आधी मनात यावी आणि मग आपण हलावं, अशी वाट पाहत बसलो तर ती बरेचदा येतच नाही. हात कामाला लागले की ती मागून येते. तेव्हा आज घरातून निघण्याआधी एका कागदावर, नाहीतर मनातल्या मनात, दहा गोष्टी मांडू या. आपल्या अडचणीत आज उपयोगी पडतील अशा, खऱ्या, फुगवून न सांगितलेल्या. दहापैकी सात भरल्या तर कामाला लागावं. सहाच भरल्या, तर सातवीसाठी कुणाला फोन करायचा तेवढं ठरवावं, आणि तो फोन दुपारच्या जेवणाआधी करून टाकावा.