थोर खेळाडू कोण?



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात दोन मुलांचा वाद चांगलाच रंगला होता. बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकणारी, सुट्टीत वाटूरला आलेली ही मुले तिकडे बास्केटबॉल खेळतात. एकाचे म्हणणे, ज्याचे गुण जास्त तोच थोर. दुसरा म्हणे, ज्याचा संघ जिंकतो तो. निवाडा आमच्याकडे आला.

कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यही थोर कोण यावरूनच वाद घालत होते, पण प्रभूने विचारताच ते गप्प झाले. आमची मुले काही गप्प बसेनात!

आम्ही त्यांना अमेरिकेतील जुनी गोष्ट सांगितली. २ मार्च १९६२ रोजी विल्ट चेंबरलेन याने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्या मोसमात त्याची सरासरी सामन्याला ५० गुणांच्या वर होती, बिल रसेलची १९च्या आसपास. तरीही अजिंक्यपद रसेलच्या बोस्टन संघाला मिळाले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून खुद्द खेळाडूंनी मते दिली ती रसेलला. त्याचे काम गुणफलकावर फारसे दिसत नसे. बास्केटकडे निघालेला चेंडू अडवायचा, उसळून आलेला पकडायचा आणि धावत्या सोबत्याच्या हाती द्यायचा. १३ मोसमांत ११ अजिंक्यपदे! चेंबरलेनला पहिले अजिंक्यपद मिळाले १९६७ साली. तोवर त्याची सरासरी निम्म्याहून खाली आली होती; तो चेंडू इतरांना देऊ लागला होता.

आपल्या खो-खोत तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. अडला की बसलेल्याला पाठीमागून हात लावून 'खो' द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचे. गडी बाद केल्याची नोंद मात्र शेवटच्याच्या नावावर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर.

मग दुसऱ्या मुलाचेच खरे का? अगदी तसेही नाही. संघ दुबळा असला तर चांगला गडीही हरतो, आणि नुसती पदके मोजली तर राखीव बसलेलाही थोर ठरेल. आम्हाला वाटते, हा मैदानात असताना बाकीच्यांचा खेळ सुधारतो का, एवढेच पाहावे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार वाचला होता, की शरीरापासून तुटलेला हात हा नावापुरताच हात. संत पौलानेही करिंथकरांना एक शरीर व अनेक अवयव हे समजावले, कारण त्यांच्यात कोणाचे कृपादान मोठे ही चढाओढ लागली होती.

हे सांगताना आमची जीभ थोडी अडखळली. मागच्या सणाला मुलींच्या खो-खोत उत्तम खेळाडूचे बक्षीस आम्हीच दिले होते, सर्वांत जास्त गडी बाद करणारीला. तिला ऐन वेळी खो देऊन स्वतः खाली बसणारी मुलगी टाळ्या वाजवत होती. आम्ही तिचे नावही विचारले नाही.

"फादर, मग तिला काय दिलं?" मुलांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

येत्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा सामना आहे. या वेळी प्रत्येक खो वहीत लिहायला दोघांना बसवायचे ठरवले आहे. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारपर्यंत नावे द्यावीत.