बेट लेखकाला काय देतं?

शांत जागा असावी, समोर पाणी असावं, माणसांची वर्दळ नसावी. मग लिहून होतंच, अशी आपली एक पक्की समजूत आहे. न लिहिलेल्या कादंबऱ्यांचा दोष आपण शहराला, नोकरीला, घरातल्या गलक्याला देतो, तो याच समजुतीपोटी. फिनलंडच्या तूवे यान्सन (1914–2001) आयुष्यातले जवळपास तीस उन्हाळे एका एवढ्याशा बेटावर राहिल्या. तिथे राहून त्यांनी जे लिहिलं ते नीट पाहिलं, तर ही समजूत टिकत नाही.

यान्सन मूळच्या चित्रकार. फिनलंडमधल्या स्वीडिश भाषिक अल्पसंख्याकांपैकी त्या एक, आणि लेखनही स्वीडिशमध्ये. ‘मूमिन’ या गोलमटोल प्राण्यांच्या कुटुंबाने त्यांना जगभर नेलं. 1954 पासून लंडनच्या ‘इव्हिनिंग न्यूज’मध्ये मूमिनची चित्रमालिका सुरू झाली. दैनिकाची मागणी थांबत नाही. काही वर्षांत त्या या कामाने पिचून गेल्या आणि मालिका त्यांनी धाकट्या भावाकडे, लार्सकडे सोपवली. वाचकांच्या पत्रांचा ओघ मात्र सुरूच राहिला, आणि त्यांना उत्तरं देणं त्या कर्तव्य मानत.

पेलिंगेच्या द्वीपसमूहात, ब्रेदशेर नावाच्या बेटावर, त्यांनी आणि लार्सने 1940च्या दशकातच एक घर बांधलं होतं. पण तिथे पाहुण्यांचा राबता वाढला. म्हणून 1964 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या आणखी बाहेरच्या क्लोव्हहारुनकडे वळल्या. हे बेट म्हणजे समुद्रातला एक उघडा खडकच, काही मिनिटांत पायी फिरून होणारा. तिथे घर उभं करायचं तर आधी सुरुंग लावून खडक फोडावा लागला. एकच खोली आणि चारही दिशांना खिडक्या. नळ नाही. मासे हवेत तर जाळी टाकायची, चूल पेटायची तर समुद्राने आणून टाकलेलं लाकूड फोडायचं, वादळाची चिन्हं दिसली की होडी वर ओढायची.

या सगळ्यात निवांत बसायला वेळ कुठला? माझ्या मते बेटाचं पहिलं देणं हेच: काम. शहरात लेखकाच्या वाट्याला येणारं काम बहुधा इतरांच्या मागण्यांतून येतं. बेटावरचं काम वाऱ्यापावसाकडून येतं, आणि त्याला मान्यता, प्रसिद्धी यांच्याशी काही देणंघेणं नसतं. दिवसभर हातांनी राबलेल्या माणसाच्या वाक्यात फापटपसारा टिकत नाही. यान्सन यांचं प्रौढांसाठीचं गद्य कमालीचं काटकसरी आहे, आणि हा मला योगायोग वाटत नाही.

दुसरं म्हणजे, हे बेट एकटीचं नव्हतंच. ग्राफिक कलावंत तूलिक्की पिएतिला या त्यांच्या जोडीदार; ही सोबत 1950च्या दशकाच्या मध्यापासूनची. फिनलंडमध्ये 1971 पर्यंत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. अशा काळात दोन स्त्रियांना कुणाला उत्तर न देता एकत्र राहता येईल अशी जागा म्हणजे निसर्गसौंदर्याची हौस नव्हे. ती जगण्याची गरज होती. हेलसिंकीत दोघींची घरं वेगवेगळी होती, पोटमाळ्यावरच्या वाटेने जोडलेली. एकमेकींजवळ राहायचं आणि तरीही आपापल्या कामापुरतं अंतर राखायचं, ही त्यांची रीत. ‘फेअर प्ले’ (1989) ही छोटी कादंबरी याच रीतीतून आली. दोन कलावंत स्त्रिया, त्यांचं काम, त्यांची भांडणं, त्यांचं बेट. प्रेम आणि एकांत परस्परविरोधी नाहीत, असं हे पुस्तक ठामपणे सांगतं.

1970 मध्ये आई गेली. सिग्ने हामारस्तेन-यान्सन स्वतः चित्रकार होत्या, लेकीच्या पहिल्या गुरू. दोन वर्षांनी ‘द समर बुक’ आलं: एक म्हातारी आजी, तिची नात सोफिया आणि एक बेट. आजीत आईची छाया आहे, सोफियात लार्सच्या मुलीची. पुस्तकातल्या मुलीची आई वारली आहे. लेखिका ते एका ओळीत, जाता जाता सांगते आणि पुन्हा त्याचा उच्चार करत नाही. पण आजी-नातीच्या प्रत्येक वादात, देवावरच्या प्रत्येक प्रश्नात ते मरण हजर असतं. एका ठिकाणी बेटावरच्या शेवाळाबद्दल लिहिलं आहे: एकदा पाय पडला तर पावसाने ते सावरतं, दुसऱ्यांदा पडला तर उठत नाही, तिसऱ्यांदा मरतं. लहान जागेत राहणाऱ्याला आपल्या पावलाचाही हिशेब ठेवावा लागतो. माणसांच्या नात्यांकडे त्या याच नजरेने पाहतात.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की या पुस्तकातलं बेट क्लोव्हहारुन नाही. ते ब्रेदशेरवर बेतलेलं आहे, म्हणजे त्या जिथून निघून गेल्या होत्या त्या बेटावर. समोरचं पाणी पाहून सुचलेलं हे पुस्तक नव्हे. सोडलेली जागा आणि गमावलेलं माणूस यांच्याकडे, दुसऱ्या एका कातळावर पाय रोवल्यानंतर, वळून पाहता आलं म्हणून ते लिहिलं गेलं.

यावर आक्षेप घेता येईल. मूमिनचा पैसा होता, हिवाळ्यात हेलसिंकीचं घर होतं; प्रत्येक लेखकाला असं बेट कुठून मिळणार? आक्षेप रास्त आहे. पण त्यातूनच खरा मुद्दा पुढे येतो. बेट कामी आलं ते शहराच्या जोडीने, उन्हाळ्यापुरतं. आणि ते धरून ठेवायचा हट्टही त्यांनी केला नाही. सत्तरी उलटल्यावर जाळी ओढणं जड जाऊ लागलं, मग ज्या समुद्रावर जीव जडला होता त्याचीच भीती वाटू लागली. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला दोघींनी बेट सोडलं. तूलिक्कींच्या चित्रांसह 1996 मध्ये निघालेल्या बेटावरच्या पुस्तकात यान्सन यांनी ही भीती सरळ मांडली आहे.

म्हणून लेखकासाठी रम्य जागा शोधण्याची आपली धडपड मला चुकीच्या दिशेची वाटते. लेखकाला हवी असते ती आखलेली हद्द: हातांना पुरेसं काम, निवडलेली मोजकी माणसं, आणि त्या हद्दीत कुणी डोकावणार नाही याची खात्री. ही हद्द दोन खोल्यांच्या घरातही आखता येते. पण ती एकट्याच्या निग्रहाने टिकत नाही, भोवतीच्या माणसांनीही ती मानावी लागते. लिहिणाऱ्या व्यक्तीचे, विशेषतः लिहिणाऱ्या बाईचे, दिवसातले दोन तास घराने तिचे म्हणून मान्य करणं ही साहित्याची मोठी सेवा आहे. पुरस्कार आणि सत्कार त्यानंतर आले तरी चालतील.