शर्यतीच्या मैदानावर स्तोत्रें गावींत काय?

अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नांवाचें बंदर आहे. तेथें वसंत ऋतूंत जाझ संगीताचा व त्या प्रांताच्या वारशाचा मोठा उत्सव भरतो. तो १९७० सालीं सुरू झाला, आणि १९७२ पासून घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर भरत आला आहे. लोक तिकीट काढून आंत येतात. एकीकडे खाण्याचीं दुकानें, दुसरीकडे बिअरचे पेले, मध्यें कर्ण्यांचा घोष. आणि त्याच मैदानांत एका मोठ्या तंबूंत कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांचे गायकवृंद प्रभु येशूचें नांव गातात. हें योग्य काय? जे बंधु ह्याचें उत्तर झटकन् देतात त्यांना आम्ही थोडें थांबावयास सांगतों.

ह्या गायनाचें मूळ कापसाच्या व उसाच्या मळ्यांत आहे. तेथील पुष्कळ राज्यांत गुलामास वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. म्हणून मोशे, दानीएल, यार्देन नदी ह्यांच्या ज्या कथा कानीं पडल्या, त्या त्या लोकांनीं गीतांतच सांठविल्या. रात्रीं धन्याच्या नकळत रानांत जमून ते तीं गात.

१८६५ सालीं गुलामगिरी बंद झाली, व पुढल्याच वर्षीं मुक्त झालेल्यांसाठीं नॅशव्हिल येथें फिस्क ही शाळा निघाली. लवकरच ती कर्जांत बुडाली. तेव्हां १८७१ च्या आक्टोबरांत जॉर्ज व्हाइट नांवाचे शिक्षक ९ तरुण विद्यार्थी व विद्यार्थिनी घेऊन गायन करून पैसा जमविण्यास निघाले. आरंभीं हे तरुण आपल्या आईबापांचीं गीतें लोकांपुढें गावयास नाखूष होते. त्यांतील एला शेपर्ड, जी स्वतः गुलामगिरींत जन्मली होती, तिनें पुढें लिहून ठेवलें कीं, तीं गीतें आमच्या वडिलांना पवित्र होतीं. शिवाय त्या काळीं गोरे नट तोंडास काळें फांसून ह्याच लोकांची थट्टा रंगभूमीवर करीत. प्रार्थनेला हंशा मिळाला तर? ही भीति खोटी नव्हती.

तरी ते गायले. लेवीय पुस्तकांत दासांस मोकळें करणारें जें योबेल वर्ष सांगितलें आहे, त्यावरून त्यांनीं ज्युबिली गायक हें नांव घेतलें. १८७३ सालीं ते व्हिक्टोरिया राणीपुढें गायले. (त्याच सालीं जोतीराव फुले ह्यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें.) मिळालेल्या पैशांतून फिस्क येथें ज्युबिली हॉल उभा राहिला.

वीणा झाडांवर टांगून बसलेल्या बंदिवानांकडे त्यांच्या वैऱ्यांनीं सीयोनेचें गाणें मागितलें, हें १३७ व्या स्तोत्रांत आपण वाचतों. तेथें मागणारा वैरी होता, आणि मागणें चेष्टेचें होतें. फिस्कच्या मुलांवर तशी बळजबरी नव्हती. धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठीं तीं आपल्या मनानें गायलीं. आमच्या मतें सगळा भेद येथें आहे. जागा किंवा तिकीट ह्यानें गीत विटाळत नाहीं. गाणारा कोणाच्या इच्छेनें गातो आणि ऐकणारा त्याच्याकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहतो, हें पाहिलें पाहिजे. बिअरचा पेला हातीं धरून प्रभूचें नांव ऐकणें आम्हांस रुचत नाहीं, हें लपवीत नाहीं. पण तो दोष पेलेवाल्याचा, गायकवृंदाचा नव्हे.

ह्याच शहरीं १९११ सालीं जन्मलेली महेलिया जॅक्सन हिनें दारूच्या गुत्त्यांत गावयास कितीही पैसा मिळत असतां नकार दिला. तीच १९७० सालीं पहिल्या उत्सवांत काँगो चौकांत, जेथें पूर्वीं गुलाम लोक रविवारीं जमून ढोल वाजवीत, बँडवाल्यांबरोबर उघड्यावर उभी राहून गायली. १९७२ च्या जानेवारींत ती प्रभूमध्यें निजली. उत्सव शर्यतीच्या मैदानावर गेला तो त्यानंतर कांहीं महिन्यांनीं.