देवाचं नाव न घेता शपथ

शंका : पुतण्या विधानसभेला उभा राहतोय. घर माळकऱ्यांचं, आषाढीची वारी चुकलेली नाही. पण हा म्हणतो, अर्ज भरताना ‘ईश्वरसाक्ष’ म्हणणार नाही. गावात लोक विचारतात, ज्याला देवाचं भय नाही त्याच्या हाती सत्ता कशी द्यायची? मी प्रचाराला जावं का?

समाधान : त्याचं काम आणि वागणं तुम्हाला पटत असेल, तर जरूर जा. आमदार होण्यासाठी देव मानलाच पाहिजे, अशी अट आपल्या राज्यघटनेत नाही. तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिले आहेत. पुढचं वचन एकच : संविधानाशी निष्ठा, देशाची एकात्मता.

लोकांच्या मनातली भीती मला समजते. मीही देव मानतो. पण अशी अट घातली की काय होतं, ते चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या बाबतीत दिसलं. 1880 मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी या नास्तिकाला ब्रिटिश संसदेत पाठवलं. शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, असं त्यांनी मागितलं, नकार मिळाला. मग शपथ घेतो म्हणाले, तर तुमचा देवावर विश्वासच नाही म्हणून तीही घेऊ देईनात. त्यांना सभागृहाबाहेर काढलं, घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. नॉर्थॅम्प्टनकर पुन्हा पुन्हा त्यांनाच निवडून देत राहिले. 1886 मध्ये अखेर जागा मिळाली आणि 1888 मध्ये प्रतिज्ञेचा कायदा झाला. पहिल्याच दिवशी मुकाट्याने शपथ घेतली असती, तर त्यांना कुणी अडवलं नसतं. पोटात एक अन् ओठात एक असणारा त्याच दारातून सहज आत गेला असता. त्यांनी मनातलं लपवलं नाही, म्हणून सहा वर्षं गेली. हेच ब्रॅडलॉ संसदेत हिंदुस्थानची बाजू इतक्या कळकळीने मांडत, की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. 1889 च्या डिसेंबरात ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनालाही आले होते.

पुतण्याने गावासमोर खरं सांगितलं आहे. गावाने आता त्याला पाण्याचं विचारावं, शाळेचं विचारावं, पैशांचा हिशेब विचारावा. प्रचाराचा नारळ तुम्ही फोडा, त्याला देवळात ओढू नका. आणि सभेत त्याच्या शेजारी बसाल तेव्हा गळ्यातली माळ सदऱ्यात सरकवू नका.