संग्रह, परिग्रह आणि पांढरीतले नाणे

देशोदेशीची नाणी जमवण्याचा छंद वरवर निरुपद्रवी दिसत असला, तरी धर्मविचाराच्या दृष्टीने त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे: ज्या परंपरांनी धनसंचयाला बंधनाचे कारण मानले, त्यांच्या संस्कारात वाढलेल्या माणसाने धनच, आणि तेही व्यवहारातून बाद झालेले धन, जिवापाड जपावे हे कितपत उचित आहे? वर्धा नदीच्या काठी वसलेल्या कौंडण्यपुरात हा प्रश्न विशेष टोकदार होतो. हे गाव रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि रुक्मिणीविषयीची सर्वांत लोकप्रिय कथा मूल्याविषयीचीच आहे. सत्यभामेने पारड्यात घातलेले सारे सोने कृष्णाच्या तुलेला अपुरे पडते आणि रुक्मिणीने ठेवलेल्या एका तुळशीपत्राने पारडे झुकते, अशी ती कथा. त्याच गावात मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्राचीन विदर्भाच्या इतिहासाला मातीच्या थरांतून मिळालेला भक्कम पुरावा लाभला.

अपरिग्रहाचा, म्हणजे मालकी न साठवण्याचा, विचार सर्वांत काटेकोरपणे जैन परंपरेने केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. ती मूर्च्छेवरून, म्हणजे ‘हे माझे’ या भानाने मनाला येणाऱ्या गुंगीवरून, केलेली आहे. ही व्याख्या फार दूरवर पोहोचते, कारण तिच्यानुसार एका नाण्यापायी झुरणारा माणूस परिग्रही ठरतो, तर हजार नाण्यांची निगा राखणारा तसा ठरेलच असे नाही. वऱ्हाडातीलच कारंजा हे दिगंबर जैनांचे मोठे पीठ होते आणि तेथील ग्रंथभांडारांत पिढ्यान्‌पिढ्या हस्तलिखिते सांभाळली गेली. सर्वस्वत्यागाचा उपदेश करणाऱ्या परंपरेला या जतनात विसंगती वाटली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बौद्ध आचार्य बुद्धघोष यांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात ज्ञानाच्या पायऱ्या समजावताना नाण्यांचाच दृष्टांत घेतला आहे. नाण्यांची रास पाहून बालकाला केवळ त्यांचे आकार आणि त्यांवरची नक्षी दिसते. खेडूताला त्यांच्या बदल्यात उपभोग मिळतो हेही कळते. सराफ मात्र खरे-खोटे ओळखतो आणि नाणे कोणत्या गावी, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने घडवले हेही जाणतो. या तिसऱ्या पायरीला बुद्धघोष प्रज्ञेचे स्थान देतात. आता फ्रान्सचा फ्रँक २००२ मध्ये युरोच्या आगमनाने चलनातून गेला आणि आपली पावली, म्हणजे पंचवीस पैशांचे नाणे, ३० जून २०११ पासून बाद झाली. अशा नाण्यांपुढे खेडूताची दृष्टी लागूच पडत नाही, कारण त्यांनी बाजारात काही मिळत नाही. म्हणून चलनबाह्य नाण्याचा अभ्यासू संग्राहक उपभोगाची पायरी ओलांडून थेट सराफाच्या ज्ञानापाशी जाऊ शकतो, आणि या छंदाची खरी प्रतिष्ठा येथेच आहे.

परंतु हे ज्ञान एकट्या नाण्यातून क्वचितच हाती लागते. तत्कालीन अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा निधी सापडला. ही नाणी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची असून एका बाजूस हत्ती व दुसरीस उज्जयिनी चिन्ह, म्हणजे क्रुसाच्या टोकांशी जोडलेली चार वर्तुळे, आहे. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान असल्यामुळे राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर उमटत नसे; कोठे आरंभीची दोन अक्षरे राहत, कोठे शेवटची, आणि उरलेली काठाबाहेर जात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अशी असंख्य तुटकी अक्षरे शेजारी शेजारी ठेवून नावे लावली आणि पुराणांच्या राजवंशावळींत न आढळणारे कुंभ, कर्ण व शक सातकर्णी इतिहासाला गवसले. तो निधी मिळताच फुटून वीस घरांत गेला असता, तर प्रत्येक घरात एक हत्ती राहिला असता आणि राजा कोणाच्याच हाती लागला नसता.

मूर्च्छेचे नेमके रूप येथे स्पष्ट होते. उठावदार ठशाचे एकच नाणे निवडून उरलेली झिजकी नाणी वितळवण्यास सोडणारा आणि पावसाने उघड्या पडलेल्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, वेचलेले नाणे स्थळाची नोंद न घेता विकत घेणारा, हे दोघेही सराफाच्या ज्ञानाला खेडूताच्या लोभाशी जुंपतात. त्यांचा अल्बम जितका भरतो तितकी नाण्यांची वाचा जाते. यातील हानी केवळ मनाची नसून इतरांच्या ज्ञानाचीही असते, हा मुद्दा प्राचीन अपरिग्रहविचारात जोडून घेणे आज आवश्यक आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवण्याचे बंधन घातले, आणि त्या सूचनेत धनाच्या स्वरूपाबरोबर ते सापडल्याची जागा व दिवसही मागितला आहे. खासगी संग्राहकाने हीच विचारणा विक्रेत्याकडे करावी, आणि उत्तर न मिळाल्यास, आपल्या मालिकेत नेमके तेच एक नाणे कमी असले तरी, ते घेऊ नये.