आधी पोरं, मग पाटी

बसा सगळे. मी बोलून होईपर्यंत मधे बोलायचं नाही. तुमची निमंत्रणपत्रिका मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. वंचित युवकांसाठी संस्था, ओरोसला उद्घाटन, पाहुण्यांची नावं दोन रकाने भरून, वर हारतुरे आणि जेवण. ज्यांच्यासाठी हा घाट घातलात, त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्यात नाही. लाज नाही वाटली?

सांगा, दहावीला नापास होऊन धनगरवाड्यावर बसून राहिलेला मुलगा तुम्हाला माहीत आहे? मालवणला पहाटे होडीवर खलाशी म्हणून जाणारा? पावसाळ्यात चिरेखाण बंद पडली, की आईबापांमागून गाव आणि शाळा दोन्ही सोडणारी मुलगी? गोव्यात ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा? यातल्या कुणाच्या खळ्यात तुम्ही टेकलात? ‘तुला काय शिकायचंय?’ म्हणून कुणाला विचारलंत? माना खाली घालू नका, उत्तर द्या.

संस्था कशी जन्मते ते बघायला फार लांब जायला नको. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 मध्ये गोपुरी आश्रम काढला. ज्या कामाचा गाव विटाळ मानायचा, ते या माणसाने आधी स्वतः केलं. मेलेली गुरं सोलली, मैला उचलला. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मिळावं म्हणून ते उपाशी राहिले आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. गोपुरी झाली ती त्यानंतर सोळा वर्षांनी!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, जेवली. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. आणि तुमची पहिली चर्चा कशावर? बोधचिन्हाच्या रंगावर!

कायदा तरी वाचलात? 1860 च्या कायद्याने संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. तुम्ही ते भाऊ, मेहुणा, चुलता असे घरातूनच भरलेत. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत कळवावं लागतं, हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. ही कटकट नाही. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाची ती राखण आहे. तिचा कंटाळा असेल, तर पावतीपुस्तक छापूच नका.

तुमच्या मनात खोट नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर एवढं बोलतोय. पण चांगल्या मनाने केलेलं अर्धवट काम गरिबाच्या पोराला जास्त लागतं. एकदा आशा लावून पाठ फिरवलीत, तर ते पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही.

तेव्हा उद्घाटन रद्द करा. मंडपाचे पैसे बाजूला ठेवा. शाळा सुटलेल्यांना 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, हे वाड्यावाड्यांवर जाऊन सांगा, फॉर्म भरून द्या आणि परीक्षेपर्यंत शिकवा. होडीचं इंजिन दुरुस्त करणारा चांगला मिस्त्री गाठा, त्याच्या हाताखाली चार पोरं द्या. वर्षभर हे नेमाने करा, पैशापैशाचा हिशेब ठेवा. मग त्या पोरांतल्याच दोघांना विश्वस्त करून नोंदणीला जा. एवढं जमणार नसेल, तर संस्था काढू नका.