दुष्काळातला बैलबाजार

सांगोल्याकडच्या एका वस्तीवर एक म्हातारा हेडी राहत होता. उभी हयात खिल्लार बैलांच्या खरेदी-विक्रीत गेलेली. रुमालाखाली बोटं धरून एकदा भाव ठरला की तो फिरत नसे. शेअर बाजाराशी त्याचा संबंध एवढाच, की त्याचे दोन नातू त्यात पैसे घालत.

2008 ची दिवाळी आली. जानेवारीत 21 हजारांच्या वर जाऊन आलेला सेन्सेक्स लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काही वेळ 8 हजारांच्याही खाली गेला होता. अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडून दीड महिनाही झाला नव्हता आणि परदेशी गुंतवणूकदार मिळेल त्या भावाला विकून बाहेर पडत होते. थोरला नातू पुण्यात संगणक कंपनीत, धाकटा सोलापुरात शाळामास्तर. दोघंही एकच बेत मनात धरून घरी आले होते: एवढं स्वस्त पुन्हा मिळायचं नाही, आत्ताच घ्यायचं.

थोरल्यानं यादी करून आणली होती. वर्षभरात जो शेअर सगळ्यात जास्त पडला तो सगळ्यात वर. पहिल्या नंबरला एक बांधकाम कंपनी.

"आबा, हा जानेवारीत पाचशेला होता. आज पन्नासला मिळतोय."

"पाचशे कोन म्हनत हुतं?"

"बाजार."

"आन् आज पन्नास कोन म्हनतंय?"

"बाजारच."

"मंग पाचशे म्हनला तवा श्याना आन् पन्नास म्हनला तवा खुळा, ह्ये कसं?"

थोरला हसला. म्हाताऱ्यानं मात्र तंबाखू मळत बहात्तरचा दुष्काळ काढला. पोरांनी तो शंभरदा ऐकला होता, पण बैलबाजाराची बाजू या वेळी पहिल्यांदाच निघाली.

त्या साली बाजारात बैलच बैल होते आणि गिऱ्हाईक नव्हतं. चांगला बैल आणि मोडका बैल जवळजवळ एकाच भावानं जात होते, कारण विकणाऱ्याला जनावराची किंमत नको होती, दावणीवरचं एक तोंड कमी करायचं होतं. शेजारच्या गावच्या एका माणसानं सावकाराकडून पैसे उचलले आणि चार बैल घेतले. सगळे थोराड, उंच शिंगांचे, आदल्या साली ज्यांच्याकडे बघायचीही त्याची ऐपत नव्हती असे. घरी आणल्यावर दिसलं, की एवढी धुडं खातातही तेवढंच. गंजी होती दोन बैलांपुरती. मृग यायच्या आत दोन मेले, एक कसायाला गेला, चौथा सावकारानं नेला.

"त्यानं बैल वाईट न्हवते घेतले," म्हातारा म्हणाला. "पर बैल मागल्या सालच्या भावावर जगत न्हाई. कडब्यावर जगतो."

स्वतः त्यानं दोनच घेतले, तेही बेताच्या अंगाचे. दात बघितले, चालवून बघितले. बैलावर कुणा सावकाराचा हक्क आहे का, ते विचारलं. मालक का विकतोय, हेही विचारलं. चारा संपलाय म्हणून विकणारा वेगळा आणि बैल बसका आहे म्हणून विकणारा वेगळा. पण या सगळ्याच्या आधी तो घरी जाऊन कडब्याच्या पेंढ्या मोजून आला होता. मला विचाराल तर गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच आहे, आणि म्हाताऱ्यानं ते जाता जाता सांगितलं.

दोन बैल त्यानं दोन वेगवेगळ्या मालकांकडून घेतले होते. त्यातला एक दातानं, चालीनं नंबरी असूनही पावसाच्या तोंडाला मेला. पोटात खिळा निघाला. "त्यो बाहीरनं दिसत न्हाई," एवढंच म्हातारा म्हणाला.

थोरल्याला गोष्ट आवडली. त्यानं ती मित्रांनाही सांगितली. पुण्याला परत जाऊन त्यानं वैयक्तिक कर्ज काढलं आणि यादीतले पहिले पाच शेअर घेतले. कंपन्यांच्या जमिनी कर्जावर घेतलेल्या, फ्लॅटची विक्री थांबलेली, व्याज मात्र चालू, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पन्नासच्या आकड्याकडे बघितलं की त्याला पाचशेच दिसत.

धाकट्यानं आधी वर्षभराचा घरखर्च बँकेत मुदत ठेवीत टाकला. उरलेल्या पैशाचे हप्ते पाडले, म्हणजे बाजार आणखी पडला तरी हात रिकामा राहणार नाही. मग शाळेतून आल्यावर तो कंपन्यांचे वार्षिक अहवाल काढून बसे. कर्ज किती, व्याज भरून नफा उरतो का, नफा नुसता कागदावर आहे की रोकड खरंच जमा होते, लोकांचे खिसे आवळले तरी हा माल खपेल का. त्याच्या वहीत शेअरच्या जुन्या भावाला रकानाच नव्हता. त्यानं घेतलेल्या चारांपैकी दोन कंपन्या इतक्या सपक होत्या, की थोरला फोनवर म्हणाला, "साबण आणि औषधं? अरे, हे तर फारसे पडलेच नाहीत!"

चौथी निवड मात्र सत्यम या संगणक कंपनीची. कर्ज नाही, गंगाजळी भरपूर, गिऱ्हाईक जगभर. वहीतले सगळे रकाने चोख. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली 5 हजार कोटींहून जास्त रोकड मुळात नाहीच. एका दिवसात शेअरचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाव गेला. राजू कुटुंबाचे शेअर सावकारांकडे तारण होते, हेही तेव्हाच लोकांना नीट कळलं. प्रवर्तकांनी असं तारण जाहीर करावं, ही बाजार नियामक सेबीची सक्ती त्याच महिन्यात आली. धाकट्याचा चौथा हिस्सा बुडाल्यात जमा झाला. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं वहीत 'तारण' असा नवा रकाना आखला आणि ठरलेला हप्ता बाकीच्या तीन शेअरांत घातला.

मार्चमध्ये थोरल्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. कर्जाचा हप्ता थोडाच थांबतो? सेन्सेक्स 8 हजारांच्या आसपास घोटाळत असताना त्यानं पाचांतले चार शेअर विकले. ते चारही वाईट नव्हते. दोन तर पुढं दुपटीहून वर गेले. 18 मे ला, लोकसभेच्या निकालानंतर, सेन्सेक्स एकाच दिवसात 17 टक्के उसळला आणि व्यवहार थांबवावे लागले. तेव्हा थोरल्याकडे उरली होती ती फक्त बांधकाम कंपनी. ती काही त्यानं विकली नव्हती, कारण ती पाचशेला होती ना.

2010 च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा 21 हजारांवर पोचला. बांधकामाचा शेअर अजून शंभराच्या आत होता. थोरल्याला नवी नोकरी लागली होती. फराळाच्या ताटावर त्यानं धाकट्याला विचारलं, "तुझी वही दे की. आता काय घ्यायचं, सांग."

"दादा, कर्जाचे हप्ते किती राहिलेत?"

"असतील वर्षभराचे."

"मग ते फेड आधी. वही मी पुढच्या दिवाळीला देतो," धाकटा म्हणाला आणि चकलीचा डबा त्याच्याकडे सरकवला.